घोडं नेमकं कुठे पेंड खातंय? स्वच्छ ऊर्जेचा जागतिक कारभार, साध्या भाषेत

१३ डिसेंबर २०२३ ला दुबईत हवामान परिषदेचे अध्यक्ष सुलतान अल जाबेर यांनी टेबलावर हातोडा आपटला आणि जवळजवळ २०० देशांनी एक मजकूर मान्य केला. २०३० पर्यंत जगातली रिन्यूएबल, म्हणजे ऊन, वारा, पाणी अशा न संपणाऱ्या स्रोतांच्या विजेची क्षमता तिप्पट करायची आणि कोळसा, तेल, गॅस यांच्यापासून हळूहळू दूर जायचं, असं त्यात होतं. या परिषदा १९९५ पासून भरतायत, पण या तिन्ही इंधनांपासून दूर जायचं असं एका वाक्यात कबूल करायला २८वी परिषद उजाडावी लागली. सभागृहात टाळ्या वाजल्या, लोक उभे राहिले, आणि ते खरंच मोठं होतं, मी त्याला कमी लेखत नाही.

पण तोच मजकूर जरा जवळून वाचा. तिप्पट म्हणजे साधारण ११,००० गिगावॅट (१ गिगावॅट म्हणजे १,००० मेगावॅट). त्यातले कुठल्या देशाने किती उभारायचे ते लिहिलेलं नाही, पैसे कुणी घालायचे ते नाही, आणि २०३० ला हिशोब जुळला नाही तर कोण कुणाला जाब विचारणार तेही नाही. देशांना 'हातभार लावा' एवढंच आवाहन आहे. म्हणजे काम सगळ्यांचं, आणि जे काम सगळ्यांचं असतं त्याला मालक कुणीच नसतो, हे आपल्याला घरात, सोसायटीत, ऑफिसात रोज दिसतं.

मला याच मोकळ्या जागांबद्दल लिहायचंय. कारण सोलर, पवनचक्क्या, बॅटऱ्या या गोष्टी आता प्रयोगशाळेतल्या राहिल्या नाहीत, २०२४ या एका वर्षात जगात ५८५ गिगावॅट रिन्यूएबल क्षमता नव्याने लागली, तोपर्यंतचा उच्चांक, आणि त्यातली ६० टक्क्यांहून जास्त एकट्या चीनमध्ये लागली. हा दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. तंत्रज्ञान तेच, सूर्य तोच, तरी काही ठिकाणी पूर आणि काही ठिकाणी थेंब नाही. अडचण आता देशादेशांमधल्या नियमांची आहे, पैशाच्या वाटांची आहे, म्हणजे कारभाराची.

कारभार हा शब्द जड वाटत असेल तर असं बघा: नियम कोण करतं, पैसा कुठून कुठे जातो, दिलेला शब्द पाळला का ते कोण तपासतं आणि भांडण झालं तर दाद कुठे मागायची. देशाच्या आत यासाठी सरकार असतं, कोर्ट असतं. देशादेशांमध्ये वर कुणीच नसतं, असतात ते करार आणि संस्था, आणि त्या ज्या काळात ज्या कारणाने जन्मल्या त्या काळाची छाप त्यांच्यावर कायम राहते.

ऊर्जेच्या बाबतीत तर कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. १९६० मध्ये बगदादला ओपेक जन्मली, तेल विकणाऱ्यांची. १९७३ च्या तेलसंकटात श्रीमंत गिऱ्हाईक देशांचे हाल झाले तेव्हा त्यांनी १९७४ मध्ये पॅरिसला इंटरनॅशनल एनर्जी एजन्सी काढली, प्रत्येक सदस्याने ९० दिवसांच्या आयातीइतका तेलसाठा ठेवायचा हा तिचा मूळ नियम. आज हीच एजन्सी नेट झिरोचे, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडला तेवढाच शोषला जावा याचे आराखडे काढते, तिचे आकडे सगळं जग वापरतं, पण पूर्ण सदस्य व्हायचं तर आधी ओईसीडी या श्रीमंत देशांच्या क्लबात असावं लागतं. त्यामुळे जगात सगळ्यात जास्त ऊर्जा वापरणारा चीन तिचा पूर्ण सदस्य नाही, भारतही नाही, दोघं 'असोसिएशन' देश म्हणून बाजूच्या खुर्चीत बसतात. मग २००९ मध्ये रिन्यूएबलसाठी वेगळी इरेना निघाली, तिचं ऑफिस अबू धाबीत, सदस्य १७० च्या आसपास, पण हातात अधिकार कसलेच नाहीत, सल्ला देते आणि आकडेवारी देते. अणुऊर्जेला व्हिएन्नात आयएईए. २०१५ मध्ये भारत आणि फ्रान्सने मिळून इंटरनॅशनल सोलर अलायन्स काढली. आणि संयुक्त राष्ट्रांकडे? आरोग्याला संस्था आहे, शेतीला आहे, टपालालासुद्धा आहे, ऊर्जेला नाही.

हवामान परिषद म्हणजे कॉप, तिथे जवळजवळ सगळे देश असतात हे खरं. पण तिची घडणच अशी आहे की वेग येत नाही. मतदान कसं घ्यायचं याचा नियम १९९० च्या दशकात ठरायला हवा होता तो ठरलाच नाही, अजून मसुद्यातच पडून आहे, म्हणून सगळं एकमताने. एकमत म्हणजे जो देश सगळ्यात कमी तयार असेल त्याच्या चालीने सगळ्यांनी चालायचं. २०२१ ला ग्लासगोत शेवटच्या तासात कोळसा 'बंद करणं' खोडून 'कमी करणं' आलं, आणि अध्यक्ष आलोक शर्मा यांना माफी मागताना रडू आलं. खापर भारत आणि चीनवर फुटलं. पण त्यांच्या बाजूचाही एक मुद्दा होता जो बातम्यांत बुडाला: मजकुरात कोळशाचंच नाव होतं, तेल आणि गॅसचं नव्हतं, म्हणजे गरीब देश जे जाळतात त्याचं नाव घ्यायचं आणि श्रीमंत देश जे जाळतात ते झाकून ठेवायचं.

पॅरिस कराराचंही थोडं समजून घ्यायला हवं. त्याच्या आधीच्या क्योटो करारात श्रीमंत देशांना कार्बन कपातीचे बंधनकारक आकडे होते, तर अमेरिकेने तो मंजूरच केला नाही आणि कॅनडा २०११ मध्ये बाहेर पडतो म्हणाला. त्या अनुभवातून २०१५ ला पॅरिसमध्ये उलट रस्ता धरला, प्रत्येक देशाने कपातीचं आपलं लक्ष्य आपणच ठरवायचं, दर ५ वर्षांनी नवं द्यायचं आणि आधीच्यापेक्षा वरचं द्यायचं. म्हणून तर जवळजवळ सगळे आत आले. पण पालन बघायला जी समिती आहे तिने दंड करायचा नाही, कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही, हे करारातच लिहिलंय. नवीन लक्ष्यं द्यायची मुदत फेब्रुवारी २०२५ होती, त्या तारखेला १९५ पैकी फक्त १३ जणांनी कागद दिले होते. बाकीच्यांना कुणी काही केलं नाही, करू शकतच नव्हतं.

इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. खरी गोम पुढे आहे, ती म्हणजे ऊर्जा बदलणार की नाही हे ठरवणारे मोठे निर्णय कॉपच्या हॉलमध्ये होतच नाहीत.

व्याजदर घ्या. कोळशाच्या प्लांटला आयुष्यभर इंधन विकत घ्यावं लागतं, सोलरला ऊन फुकट, पण जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी, आणि तो कर्ज काढून. समजा प्लांट १०० डॉलरचा आहे आणि कर्ज २५ वर्षांत फेडायचंय. व्याज ४ टक्के असेल तर वर्षाला साधारण ६ डॉलर ४० सेंटचा हप्ता बसतो. व्याज १२ टक्के असेल तर हप्ता १२ डॉलर ७५ सेंटच्या आसपास जातो, जवळपास दुप्पट. पॅनेल त्याच कारखान्यातलं, ऊन तेवढंच, कदाचित जास्तच, आणि तरी वीज महाग पडते. हे ४ आणि १२ मी हिशोबापुरते घेतलेत, पण विकसनशील देशांत सोलरसाठीचं भांडवल श्रीमंत देशांच्या दुपटीहून महाग पडतं हे एनर्जी एजन्सीनेच दाखवलेलं आहे. कर्ज डॉलरमध्ये आणि वीजबिल स्थानिक चलनात, चलन घसरलं की कंपनी बुडते, वीज घेणारी सरकारी कंपनी वेळेवर पैसे देईल का याची खात्री नाही, क्रेडिट रेटिंग खालचं, हे सगळं मिळून व्याज चढतं. जगातली सर्वोत्तम सोलर साधनसंपत्ती ६० टक्के आफ्रिकेत आहे आणि बसवलेली सोलर क्षमता १ टक्क्याच्या आसपास. हा १ टक्का उन्हाने ठरवलेला नाही.

आता हे व्याज कमी करायचं असेल तर बोलायचं कुणाशी? वर्ल्ड बँक, आयएमएफ, रेटिंग एजन्सी, बँकांचे भांडवल नियम करणारे. तिथे पर्यावरणमंत्री जात नाहीत, अर्थमंत्री जातात. वर्ल्ड बँकेत मतं पैशाच्या हिश्शाप्रमाणे, अमेरिकेकडे साधारण १६ टक्के, आणि घटना बदलायला ८५ टक्के लागतात, म्हणजे एका देशाच्या नकारावर सगळं थांबतं. कॉपमध्ये कितीही सुंदर ठराव झाला तरी तो या दाराशी येऊन उभा राहतो.

पैशाच्या वचनाचंही तसंच. २००९ ला कोपनहेगनच्या कॉपमध्ये श्रीमंत देश म्हणाले विकसनशील देशांना हवामानाच्या कामासाठी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ, ओईसीडीच्याच हिशोबाने ते २०२२ मध्ये पहिल्यांदा पूर्ण झाले. आणि त्या हिशोबात १०० डॉलरचं कर्ज दिलं तर १०० डॉलर दिले असंच धरलं जातं, परत व्याजासकट येणार असले तरी! २०२४ ला बाकूमध्ये नवा आकडा ठरला, २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. 'दिले' म्हणजे नक्की काय, अनुदान की कर्ज की खाजगी गुंतवणुकीला दिलेली चालना, याची सगळ्यांना मान्य एकच व्याख्या तेव्हाही नव्हती, आत्ताही नाही. मला विचाराल तर आकड्याआधी ही व्याख्या भांडून घ्यायला हवी.

दुसरं उदाहरण निकेलचं. बॅटरीला निकेल लागतं, इंडोनेशियात ते भरपूर. कच्चा माल बाहेर जायचा आणि नफा दुसरीकडे व्हायचा म्हणून इंडोनेशियाने जानेवारी २०२० पासून निकेलच्या खनिजाची निर्यात बंद केली, कारखाने इथे काढा म्हणाले, आणि निघालेही, बरेचसे चिनी पैशाने, आणि ते चालवायला नवीन कोळशाचे प्लांट उभे राहिले. युरोपियन युनियन डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत गेलं, २०२२ च्या शेवटी निकाल इंडोनेशियाच्या विरोधात लागला. इंडोनेशियाने अपील केलं. पण अपील ऐकणारं मंडळच डिसेंबर २०१९ पासून बंद पडलेलं, अमेरिकेने नेमणुका अडवल्यामुळे. म्हणजे अपील झालं, ऐकायला कोणी नाही, निकाल लोंबकळत. या एका भांडणात हवामान आहे, व्यापार आहे, रोजगार आहे, कोळसा आहे, आणि ते सोडवायला एक चालू कोर्ट नाही. बॅटरीला लागणाऱ्या कोबाल्टचंही तसंच, जगातलं ७० टक्क्यांच्या आसपास काँगोतून निघतं, शुद्ध होतं बहुतेक चीनमध्ये. सोलर पॅनेलच्या साखळीतल्या प्रत्येक पायरीत चीनचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त. तेलासाठी ९० दिवसांच्या साठ्याचा नियम ५० वर्षांपूर्वी झाला, या खनिजांसाठी तसा समाईक नियम अजून नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी नेमलेल्या पॅनेलने सप्टेंबर २०२४ मध्ये तत्त्वं दिली, मानवी हक्क, स्थानिक फायदा, पारदर्शकता वगैरे, चांगली आहेत, बंधनकारक नाहीत.

आणि एक करार असा की जो ऐकून मला पहिल्यांदा खरंच वाटेना. एनर्जी चार्टर ट्रीटी, १९९४. सोव्हिएत युनियन फुटल्यावर पूर्वेकडच्या तेल-गॅसमध्ये पाश्चात्य कंपन्यांनी पैसा घालावा म्हणून केलेला, यात कंपनी थेट सरकारला लवादात खेचू शकते. नेदरलँड्सने २०३० पासून कोळशावर वीज बनवायची नाही असा कायदा केला, तर आरडब्ल्यूई या जर्मन कंपनीने २०२१ मध्ये १.४ अब्ज युरोचा दावा ठोकला (पुढे मागे घेतला). जनतेने निवडलेल्या संसदेने हवामानासाठी कायदा करायचा आणि त्याची भरपाई मागायची! न्यायाने बघायचं तर याच कराराखाली स्पेनने सबसिडी कापल्यावर सोलरच्या गुंतवणूकदारांनीही डझनावारी दावे लावले, म्हणजे संरक्षण सगळ्यांनाच होतं, आंधळं संरक्षण. कराराला वळण लावायचे प्रयत्न रेंगाळले, मग फ्रान्स, जर्मनी, पोलंड आणि शेवटी जून २०२५ मध्ये खुद्द युरोपियन युनियन बाहेर पडलं. पण बाहेर पडल्यावरही जुन्या गुंतवणुकींना २० वर्षं संरक्षण राहतं असं त्यात कलम आहे.

मग करायचं काय? एक मोठी जागतिक ऊर्जा संस्था काढा असं काही लोक म्हणतात. मला ते पटत नाही. आधीच इतक्या आहेत, अजून एक निघाली की आधी तिच्या इमारतीवर आणि अध्यक्षपदावर ५ वर्षं भांडण, आणि आपल्याकडे ती ५ वर्षं नाहीत. आहेत त्या संस्थांच्या मध्ये ज्या फटी आहेत त्या बुजवणं जास्त कामाचं.

एक गोष्ट जगाने आधी करून दाखवलीय, ओझोनची. ओझोनचा थर विरळ करणारी, फ्रीजमधल्या गॅससारखी रसायनं बंद करायचा १९८७ चा मॉन्ट्रियल करार. तो का चालला हे बघण्यासारखं आहे. नियम सगळ्यांना, पण गरीब देशांना १० वर्षांची जास्त मुदत. त्यांचा बदलाचा खर्च उचलायला वेगळा फंड, आणि त्या फंडाच्या समितीत ७ सदस्य श्रीमंत देशांचे, ७ विकसनशील देशांचे, म्हणजे पैसा देणारा एकटा मालक नाही. करारात नसलेल्या देशाशी त्या रसायनांचा व्यापार बंद, त्यामुळे बाहेर राहणं परवडेना. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, तज्ज्ञ म्हणाले की आधीच ठरलेलं रसायन अजून लवकर बंद करता येईल तर दोन तृतीयांश मतांनी वेळापत्रक बदलता येतं आणि ते सगळ्यांना लागू होतं, पुन्हा प्रत्येक संसदेत जावं लागत नाही. अखेर जगातला प्रत्येक देश आत आला. अर्थात फ्रीजमधला गॅस थोड्या कंपन्या बनवायच्या, ऊर्जा प्रत्येक घराच्या चुलीपर्यंत गेलीय, त्यामुळे जसंच्या तसं उचलता येणार नाही. पण मुदतीचा फरक, समसमान समिती आणि मतदान, या तिन्ही गोष्टी उचलता येतात.

पैसा आणि लोक एकत्र आणायचा एक प्रयत्न झाला, जेईटीपी (जस्ट एनर्जी ट्रान्झिशन पार्टनरशिप) नावाचा, त्यातून शिकायला खूप आहे. २०२१ ला दक्षिण आफ्रिकेला कोळशातून बाहेर पडायला ८.५ अब्ज डॉलर देऊ असं अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि युरोपियन युनियन म्हणाले, नंतर इंडोनेशियाला २० अब्ज, व्हिएतनामला १५.५ अब्ज. कल्पना चांगली, एका देशाबरोबर एक पूर्ण आराखडा. पण पैसा बहुतांश कर्ज निघालं, आणि २०२५ मध्ये अमेरिका त्यातून सरळ बाहेर पडली, कारण ती भागीदारी होती, बंधनकारक करार नव्हता. आणि जमिनीवर काय झालं? दक्षिण आफ्रिकेतल्या म्पुमलांगा प्रांतातला कोमाटी हा कोळशाचा प्लांट ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झाला, वर्ल्ड बँकेने त्याच्या बदलासाठी ४९७ दशलक्ष डॉलर मंजूर केले. पण प्लांट आधी बंद झाला आणि नवीन काम मागून यायचं होतं. प्लांटच्या भरवशावर जगणारे कंत्राटी कामगार, खोल्या भाड्याने देणारे, छोटे दुकानदार यांचं उत्पन्न आधी गेलं, आणि 'जस्ट' म्हणजे न्याय्य हा शब्द नावात असलेल्या या कामाचं उदाहरण आज कोळसा टिकवू पाहणारे लोक देतात. क्रम चुकला की विश्वास जातो, आणि तो परत आणायला कुठलीच बँक कर्ज देत नाही. म्हणून अशा करारांत पहिला हप्ता कामगारांच्या पर्यायी कामाचा असावा आणि प्लांटचं बटण त्यानंतर, असं मला मनापासून वाटतं.

छोटे गटही कामाचे असतात. २००९ मध्ये पिट्सबर्गला जी-२० ने जाहीर केलं की जीवाश्म इंधनांवरच्या 'अकार्यक्षम' सबसिड्या टप्प्याटप्प्याने बंद करू. अकार्यक्षम म्हणजे कुठली? कुणीच व्याख्या केली नाही, त्यामुळे प्रत्येक देशाला आपली सबसिडी कार्यक्षमच वाटली. २०२२ मध्ये, इंधनाचे भाव भडकले तेव्हा, या सबसिड्या जगभरात १ ट्रिलियन डॉलरच्या वर गेल्या. २० बड्यांना जे जमलं नाही ते नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूझीलंड, आइसलँड, स्वित्झर्लंड आणि कोस्टा रिका या चौघांनी केलं, आपसात व्यापार करार केला आणि त्यात या सबसिड्यांवर बंधनकारक नियम घातले. चौघं मिळूनही छोटेच, पण दार उघडं ठेवलंय, अटी मान्य असणाऱ्या कुणालाही आत येता येतं.

आणि जाब विचारायची एक नवी जागा तयार होतेय. २०१९ मध्ये पॅसिफिकमधल्या कायद्याच्या काही विद्यार्थ्यांनी ठरवलं की हवामानाचा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. वानुआतू या छोट्या बेटांच्या देशाने तो उचलला, २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एकमताने पाठवला, आणि २३ जुलै २०२५ ला सगळ्या न्यायाधीशांनी एकमताने मत दिलं: हवामानाचं रक्षण ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि जीवाश्म इंधनाचं उत्पादन, नवीन उत्खननाचे परवाने, सबसिड्या, यांना आवर न घालणं हे आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग ठरू शकतं. हे सल्लावजा मत आहे, बंधनकारक नाही, कुणाला उद्या शिक्षा होणार नाही. पण देशोदेशीच्या कोर्टात आता वकील ते मत हातात घेऊन उभे राहू शकतात, आणि पिट्सबर्गमध्ये 'अकार्यक्षम' हा जो शब्द सैल ठेवला होता त्याचा अर्थ आता एखाद्या देशाच्या सरकारला तिथे विचारता येईल.